पलीकडे फोन उचलणार कोण?

परदेशात भारतीय माणूस संकटात सापडला की आठवडाभरात कुठून तरी सूचना येतेच: नागरिकांच्या सुरक्षेसाठी एक अ‍ॅप काढा. लाल बटण दाबले की दूतावासाला कळेल, नकाशावर ठिकाण दिसेल, घरच्यांना निरोप जाईल. सूचना वाईट नाही. पण ती करणारे बहुधा असे धरून चालतात की सुरक्षितता फोनमध्ये असते. परराष्ट्र खात्याने गेल्या काही वर्षांत जे उभे केले आहे ते नीट पाहिले, तर फोन हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग निघतो. ‘ई-मायग्रेट’ ही प्रणाली घ्या. दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर आधी परवानगी लागते, आणि त्या परवानगीसाठी मालकाचे नाव, कराराचा मसुदा, एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि विमा हे सगळे आधी नोंदवावे लागते. विमा दहा लाखांचा, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली की ती कोणत्या वकिलातीच्या टेबलावर आहे हे दिसते, आणि पडून राहिली तर वरिष्ठांच्या नजरेला येते. शिवाय २००९मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी प्रत्येक दूतावासाच्या हाताशी आहे. म्हणजे अडकलेल्या माणसाच्या तिकिटाचे किंवा मृतदेह मायदेशी पाठवण्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर तिथे वाद घालत बसावे लागत नाही.

ही यंत्रणा निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही; पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला जुंपणारे एजंट तिला रोज वाकुल्या दाखवतात. तरीही १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले, तेव्हा दूतावासाने त्याच दिवशी मदतवाहिनी सुरू केली, राज्यमंत्री तिकडे धावले आणि १४ तारखेला हवाई दलाचे विमान मृतदेह घेऊन कोचीला उतरले. २०२२ साली कीव्हमधल्या दूतावासाने युद्ध सुरू होण्याच्या महिनाभर आधीपासून भारतीयांना नावे नोंदवण्याचे आवाहन केले होते. पुढे, ‘ऑपरेशन गंगा’ धरून, साडेबावीस हजारांच्या आसपास लोक परत आले. दोन्ही ठिकाणी कामाला आले ते एवढेच: कोण कुठे आहे याची यादी, आणि ती यादी हातात घेऊन ज्याला हलावेच लागते असे एक कार्यालय.

आता देशातल्या देशात, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे येऊ. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्थानक राज्ये वेगळी होण्याच्या कितीतरी आधीचे. १ मे १९६० रोजी आखलेली सीमा त्याच्या फलाटावरूनच गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत. दोन राज्यांची नावे रंगवलेल्या बाकावर बसून लोक हौसेने फोटो काढतात. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. मात्र या तालुक्यातून नि शेजारच्या अक्कलकुवा, तळोदा, धडगाव भागातून दसरा-दिवाळीनंतर पोटासाठी जे लोक पश्चिमेकडे निघतात, त्यांच्या घरची भाषा मावची, भिली किंवा कोकणी असते, आणि ती या चारांत नाही. फोटो काढणाऱ्यांना सीमा ही गंमत वाटते. बार्डोली, मढी, चलथाण, गणदेवी इथल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला किंवा सौराष्ट्रात शेतमजुरीला जाणाऱ्या माणसासाठी मात्र ओळखीचा तलाठी, आपले पोलीस ठाणे, आपल्या भाषेतला तक्रार अर्ज, रोजगार हमीचे कार्ड आणि मत मागायला येणारा आमदार हे सगळे त्या फलाटावरच मागे राहते. पासपोर्टाशिवाय होणारे हे परदेशगमनच आहे. माझे म्हणणे असे की ‘परदेशात नागरिकांना सुरक्षित ठेवणारे अ‍ॅप’ ही कल्पना महाराष्ट्राला खरोखर कुठे राबवायची असेल, तर ती आधी इथे राबवावी, आणि तिची आखणी मजुराच्या हातातल्या पडद्यापासून न करता उत्तर देण्यास बांधील असलेल्या अधिकाऱ्याच्या पडद्यापासून करावी.

या स्थलांतराला कोणी नवीन म्हणू नये. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी बार्डोलीच्या साखर पट्ट्यातील तोडणी मजुरांवर १९७८मध्येच सविस्तर लिहिले. त्यातले खानदेशातून येणारे मजूर, मुकादमाची उचल आणि उसाच्या कडेला पडलेले पडाव यांपैकी काहीही आज इतिहासजमा झालेले नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा घेतलेली. हिशोब हंगाम संपल्यावर, आणि तो मुकादमाच्या वहीतला. गुजरात सरकारने अलीकडे तोडणीचा किमान दर टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. ही मोठी वाढ आहे. पण आपण किती टन तोडले हे ज्याला माहीत नाही त्याला दर दुप्पट झाल्याचे सुख कितपत लागणार? कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक वाहनाचे वजन होते, शेतकऱ्याला त्याची पावती मिळते. ज्यांच्या हातांनी तो ऊस आला त्यांच्यापर्यंत तो आकडा पोचवणे कोणालाच बंधनकारक वाटलेले नाही.

राज्याबाहेर गेलेल्या माणसाची मोजदाद नसली की काय होते ते २०२०च्या टाळेबंदीने दाखवले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले तेव्हा देश हळहळला. त्यानंतर सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. कुवेतमधल्या ४५ जणांची यादी दोन दिवसांत होऊ शकते, कारण त्यांच्यामागे कोणाची तरी सही असते. देशातल्या देशात हललेल्या माणसामागे ती नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या जूनमध्ये कानउघाडणी केल्यावर त्याच वर्षी २६ ऑगस्टला ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले आणि त्यावर आजवर तीस कोटींहून अधिक नोंदी झाल्या. एवढी मोठी यादी जगात क्वचितच कोणाकडे असेल. पण तिच्यातून मजूर कोण ते कळते. तो आज कोणाच्या उसात, कोणत्या मुकादमाखाली आहे आणि त्याचे काही झाले तर कोणाला जाब विचारायचा, हे कळत नाही. नंदुरबार जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. ओळख पटवण्याचा प्रश्न त्यानंतर बराच सुटला. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता तिथेच आहे.

यावर कोणी म्हणेल की कायदा आहेच. होता, आणि चांगला होता. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराला परवाना सक्तीचा होता, मजुराला फोटोसह पासबुक द्यायचे होते, महिन्याच्या मजुरीच्या निम्म्या रकमेइतका विस्थापन भत्ता आणि प्रवासभत्ता द्यायचा होता. चाळीस वर्षांत असे पासबुक पाहिलेला ऊसतोड मजूर शोधून काढावा लागेल. आता तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. तिने विस्थापन भत्ता वगळला आणि पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली, हे नुकसान. उलट आपल्या पायाने गेलेला मजूरही तिने व्याख्येत घेतला, आणि स्थलांतरितांची इलेक्ट्रॉनिक नोंद नि निःशुल्क मदतवाहिनी यांची तरतूद केली, हा फायदा. म्हणजे अ‍ॅपला लागणारी कायद्याची जागा तयार आहे. नियम आणि माणसे मात्र राज्यांनी पुरवायची आहेत, आणि इथेच गाडी अडते, कारण मजूर एका राज्याचा आणि मालक दुसऱ्याचा. महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ काढले, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरवले. चांगले झाले. पण नवापूरच्या कोयत्याने तोडलेला ऊस गाळला जातो तापी आणि सुरत जिल्ह्यांत. त्या टनाचे दहा रुपये महामंडळाच्या हिशोबात कसे येणार?

महाराष्ट्राने या दिशेने काहीच केले नाही असे मात्र नाही. महिला व बालविकास विभागाचे स्थलांतर नोंदवणारे ‘महा एमटीएस’ अ‍ॅप ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी आजमावले गेले त्यांत नंदुरबार होता. गर्भवती, स्तनदा माता आणि अठरा वर्षांपर्यंतची मुले गाव सोडताना त्यांची नोंद अंगणवाडी सेविकेने करायची, म्हणजे पोषण आणि लसीकरण तुटणार नाही. केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’मधून एका अंगणवाडीतील नाव दुसऱ्या राज्यातल्या अंगणवाडीत नेता येते, आणि एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे नवापूरचे धान्य बार्डोलीत उचलता येते. या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला बळ देतो. त्या जिथे चालतात तिथे त्या यामुळे चालतात की पलीकडच्या टोकाला एक नेमलेला माणूस आहे: सेविका किंवा रेशन दुकानदार. मजुरी बुडाली, ट्रॅक्टर उलटला, बाईवर हात टाकला गेला, उचल फिटेपर्यंत टोळीला अडवून ठेवले, तर पलीकडे तसा कोणी नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, पण तो त्या त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाला लागतो. सीमेवर तर कोणत्या राज्याचा मनोरा पकडेल याचाही भरवसा नसतो. लागला तरी घाबरलेल्या मावची बाईचे म्हणणे समजून घेणारे कोणी तिथे असेलच असे नाही.

म्हणून आखणीची सुरुवात उलट्या टोकाकडून. पहिला पडदा नवापूरच्या तहसील कार्यालयात आणि दुसरा तापी किंवा सुरत जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात. दोन्हींवर एकच तक्रार दिसावी, तिच्यापुढे अधिकाऱ्याचे नाव आणि मुदत असावी, आणि मुदत टळली की ती दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांपुढे आपोआप जावी. नोंदणीचा भार मुकादमावर आणि त्याच्याकडून टोळी घेणाऱ्या कारखान्यावर टाकावा: टोळीत कोण, उचल किती, पडाव कोणत्या गावच्या कोणत्या गटात. नवरा-बायकोची नावे स्वतंत्र, बँक खाती स्वतंत्र. एक कोयता म्हणून दोघांना एका ओळीत बसवण्याची सोय अ‍ॅपमध्ये ठेवूच नये, कारण त्या ओळीत बाईची मजुरी नेहमी नवऱ्याच्या नावावर जमा होते. काट्यावर वजन झाले की टोळीच्या नावावरचा टनांचा आकडा मजुराच्या साध्या फोनवर संदेशाने जावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या बोलीत ऐकू यावा. मजुराला करायचे काम इतकेच असावे: एका क्रमांकावर मिस्ड कॉल. उलट फोन त्याच्या भाषेत येईल. जनगणनेनुसार २०११ साली नंदुरबारची साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी होती. अशा ठिकाणी बारा रकान्यांचा अर्ज मजुराच्या फोनवर टाकणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे.

पडावाची जागा नोंदवायला का हवी, याचे उत्तर १९ जानेवारी २०२१च्या रात्रीने दिले आहे. सुरत जिल्ह्यात किम-मांडवी रस्त्यावर पालोदजवळ ट्रकची उसाच्या ट्रॅक्टरशी टक्कर झाली, ट्रक रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर गेला आणि १५ जण ठार झाले. ते राजस्थानातल्या बांसवाड्याचे होते. त्यांच्या प्रत्येकाच्या हातात अद्ययावत फोन असता आणि त्यात जगातले सर्वोत्तम आपत्ती-बटण असते, तरी काहीही वेगळे घडले नसते. वेगळे घडले असते ते हे लोक रस्त्याकडेला झोपतात ही गोष्ट आधीच कोणाच्या तरी पडद्यावर असती आणि त्यांना तिथून हलवणे त्याचे काम असते तर. बटण अपघातानंतर दाबले जाते. यादी आधी वाचता येते.

याला पहिला आक्षेप गंभीर आहे, आणि तो अधिकारांची चाड असणारे लोक घेतील. मजुराची हालचाल सरकारने नोंदवायची, तर ती पाळत होईल. आदिवासी माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या यंत्रणेच्या हाती आणखी एक हत्यार जाईल. शिवाय देशात कुठेही जाण्याचा हक्क घटनेने दिला असताना त्याच्यासाठी परदेशासारखी परवानगी का? हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच नोंद कोणाची करायची हे ठरवताना हात आखडता घ्यायला हवा. अ‍ॅपने फोनचा माग काढू नये. नोंद व्हावी ती मालकाच्या जागेची, कराराची, वजनाची आणि उचलीची. परवानगी लागावी ती टोळी नेणाऱ्याला, जाणाऱ्याला नव्हे. मजूर नोंदीविना गेला तर त्याचा कोणताही हक्क बुडू नये, मुकादमाने नोंदीविना नेले तर मात्र त्याने दिलेली उचल वसूल करण्यासाठी त्याला कोणत्याही कार्यालयाची किंवा पोलिसांची मदत मिळू नये. ही शेवटची अट कठोर आहे हे मान्य, पण मुकादमाला नोंदणीकडे ओढणारी तीच एक दोरी दिसते.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: अ‍ॅप खूप झाली. अंगणवाडी सेविकेच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही, ग्रामसेवकाला दिवसभर फोटो चढवावे लागतात, आणि धडगावच्या डोंगरात रेंज शोधायला टेकडीवर चढावे लागते. या आक्षेपाशी माझे भांडण नाही. सेविकेकडे नवे काम देऊच नये. तिने महा एमटीएसमध्ये टाकलेली नोंद तिची परवानगी न मागता इकडे यावी आणि ई-श्रमचा क्रमांक तोच चालावा. रेंजचा प्रश्न घरी आहे, सुरतच्या सपाटीवर तो तितका नाही, आणि संकटाची बरीचशी ठिकाणे सपाटीवरच आहेत. तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कारखाने म्हणतील, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, मुकादम म्हणेल, मी स्वतःच मजूर आहे. ही टोलवाटोलवी दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे चालते. मुकादमाच्या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे, कारण उचल बुडाली तर त्याचे घर विकले जाते. पण ज्याच्या काट्यावर वजन होते, ज्याच्या कार्यालयातून टोळीला उसाचा फड नेमून दिला जातो आणि ज्याच्या तिजोरीतून उचलीचा पैसा निघतो, तो कारखाना या साखळीत पाहुणा आहे असे कोण मानेल? झारखंडने २०२० साली सीमा रस्ते संघटनेसाठी मजूर लडाखला धाडताना मजुरीच्या अटी आधी ठरवून घेतल्या आणि मग गाडीला हिरवा झेंडा दाखवला. मजूर पाठवणाऱ्या राज्याला बोलायला जागा असते हे त्यातून दिसले. नंदुरबारला ती जागा कमी नाही. हे कोयते एका हंगामात न गेले तर दक्षिण गुजरातच्या गाळपाचे वेळापत्रक कोलमडेल.

उरतो प्रश्न दोन राज्यांच्या सहकार्याचा, आणि ते शक्यच नाही असे सांगितले जाते. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत आढळला. पथके आली, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही तेच झाले. त्या दिवसांत कोणत्या राज्याची कोंबडी याचा निवाडा होईपर्यंत कोणी थांबले नव्हते. तेव्हा दोन जिल्ह्यांनी एका यादीवर काम करणे अशक्य नाही. पहिल्या हंगामात दोन-तीन तालुके आणि सीमेजवळचे दोन कारखाने एवढ्यावरच भागवावे, मावची आणि भिली बोलणारी स्थानिक मुले-मुली फोनवर बसवावीत, आणि निविदेत अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केले हा निकष अजिबात लिहू नये. त्याऐवजी दर महिन्याला दोन्ही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चार आकडे लावावेत: किती फोन आले, किती उचलले गेले, किती मजुरी वसूल करून दिली, आणि किती तक्रारी मुदत उलटूनही कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर पडून आहेत.